नावाच्या आधी आणि नावाच्या नंतर

मिरजेच्या मामांच्या वहीत संगणकाला द्यायच्या आज्ञेची एक ओळ आहे : ‘सुडो एपीटी इन्स्टॉल टेसरॅक्ट डॅश ओसीआर’. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, शिरोरेषेसकट लिहिलेली. ओळीच्या शेवटी हंसपद आहे आणि वर बारीक अक्षरात राहून गेलेला मजकूर भरला आहे : ‘टेसरॅक्ट डॅश ओसीआर डॅश एमएआर’. दोन शब्दांमध्ये जिथे जागा सोडायची तिथे मुद्रितशोधनातली जागा वाढवण्याची, म्हणजे दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची खूण आहे. नशिबाने मामांनी ती कधी टाइप केली नाही, कारण शब्दाच्या सुरुवातीला ती आली की टर्मिनलातला (आज्ञा टाइप करायच्या जागेतला) शेल, म्हणजे त्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, पुढचे सगळे टिप्पणी समजून सोडून देतो.

मामांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रके, पावतीपुस्तके आणि वीसेक वर्षे एका छोट्या मासिकाचे अंक त्यांनी खिळे जुळवून छापले. छापखाना बंद झाला, खिळे मोडीत गेले, पण मासिकाचे बांधीव खंड राहिले; आणि सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या मनाने घेतले की हा सगळा मजकूर संगणकावर आणायचा. मी त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला. त्याची स्मृती अवघी चार जीबी, म्हणून त्यावर डेबियन १२ ही संगणक चालवणारी प्रणाली घातली, आणि पुण्याहून फोनवरून एकेक आज्ञा सांगू लागलो. पडद्यावरचे चित्र दाखवून काम करून घेण्याइतके तिथले इंटरनेट धड नव्हते, आणि ‘डाव्या कोपऱ्यातल्या राखाडी चाकावर टिचकी मारा’ असे फोनवर सांगणे फार हाल करणारे असते, हे ज्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना असे सांगितले आहे त्यालाच कळेल. आज्ञा मात्र उच्चारता येते, लिहून घेता येते आणि वाचून दाखवून तपासता येते. मामांनी ती सरळ देवनागरीत उतरवून घेतली. ‘सुडो’ ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, “कुणावर सूड उगवायचाय रे?” मी सांगितले की पुढचे काम संगणकाच्या प्रशासकाच्या अधिकाराने कर, एवढाच त्याचा अर्थ. मग पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना, तेव्हा कळफलक बिघडल्याची त्यांची खात्रीच पटली. त्यात दहा मिनिटे गेली.

हंसपदाची हकीकत अशी. छापील पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखणारा टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम मूळचा ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतला. २००५ साली तो सर्वांसाठी खुला झाला. डेबियनमध्ये प्रोग्रॅमचे पॅकेज, म्हणजे बसवण्यासाठी बांधून ठेवलेले गाठोडे, वेगळे आणि प्रत्येक भाषेच्या ओळखीचे पॅकेज वेगळे असते. मी घाईत पहिलेच नाव सांगितले. मामांनी पानाचे चित्र देऊन ‘डॅश एल, एमएआर’ म्हणजे मराठी वाच असे फर्मावले, आणि प्रोग्रॅमने ‘मार’ नावाची विदा-फाइल उघडता येत नाही अशी तक्रार केली. इंग्रजीची फाइल मात्र जागेवर होती. डेबियनने टेसरॅक्टच्या पॅकेजला जी अवलंबित्वे, म्हणजे सोबत लागणारी पॅकेजे, लावून दिली आहेत त्यांत इंग्रजी आहे, त्यामुळे इंग्रजी न सांगता येते. मराठी नाव घेऊन मागावी लागते. मामा हसले आणि म्हणाले, “हे आपल्याला नवीन नाही.” त्यांनी हंसपद काढले आणि वर दुसरे नाव भरले. पुढे संगणकाच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठीसाठी ‘एमआर’ अशी दोनच अक्षरे दिसली, तेव्हा एकाच भाषेची दोन सरकारी नावे कशाला, असेही त्यांनी विचारून घेतले. दोन्ही नावे आंतरराष्ट्रीय मानकांतलीच आहेत, एक तीन अक्षरी आणि एक दोन अक्षरी; यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हते.

डेबियनची सुरुवात इयन मर्डॉक यांनी १९९३ साली केली. एपीटी हे तिचे सामान आणणारे साधन १९९८ सालचे. आता जी अॅप स्टोअरे फोनवर दिसतात त्यांच्या कितीतरी आधी एका नावावरून प्रोग्रॅम शोधणे, त्याला लागणारी इतर पॅकेजे हुडकणे, ती उतरवून घेणे आणि सगळे योग्य फोल्डरांत मांडणे हे काम ते करत होते. मांडणी झाली की एपीटी बाजूला होते. प्रोग्रॅम चालवताना त्याचा काहीही संबंध नसतो. आपण टर्मिनलात नाव लिहून एंटर दाबतो तेव्हा शेल ठरलेल्या काही फोल्डरांत त्या नावाची फाइल शोधतो आणि सापडेल ती चालवतो. आणणारा वेगळा, चालवणारा वेगळा, अशी ही जुनी रीत आहे, आणि तिच्यामुळे नवख्या माणसाची पहिली फसगत होते ती नावांत. पॅकेजचे नाव ‘टेसरॅक्ट-ओसीआर’, पण चालवायचे ‘टेसरॅक्ट’. स्कॅनरसाठी आणायचे ‘सेन-यूटिल्स’ आणि चालवायचे ‘स्कॅनइमेज’. मामांनी वहीत यासाठी दोन रकाने आखले : ‘दुकानातले नाव’ आणि ‘घरातले नाव’. मुलीचे माहेरचे आणि सासरचे नाव जसे वेगळे असते तसेच हे, ही मामींनी मागून केलेली पुस्ती.

घरातल्या नावांवरून भांडणेही झालेली आहेत. नोड नावाचा, जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतले काम चालवणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध झाला तेव्हा डेबियनमध्ये ‘नोड’ ही आज्ञा आधीच दुसऱ्या एका प्रोग्रॅमकडे होती. तो हौशी रेडिओवाल्यांचा होता, रेडिओवरून संगणकांचे जाळे जोडणाऱ्यांचा. त्याचे वापरकर्ते मोजके, पण नाव त्याने आधी घेतलेले. नव्या पाहुण्याचा बोलबाला मोठा होता म्हणून जुन्याला उठवावे का, हा प्रश्न शेवटी २०१२ साली डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेला. बरीच वर्षे डेबियनवर ‘नोडजेएस’ असे लांबलचक लिहावे लागे, आणि बाहेरच्या जगासाठी लिहिलेल्या सूचना इथे चालत नसत. मला त्या काळी या हट्टाचा राग यायचा. आता तो यथायोग्य वाटतो. एका घरात एकाच नावाची दोन माणसे असली तर हाक मारल्यावर कोण ‘ओ’ देणार हे कुणीतरी ठरवायलाच हवे, आणि ते गर्दी बघून ठरवले की हौशी रेडिओवाल्याच्या यंत्रावर एका सकाळी भलताच कुणीतरी ‘ओ’ देतो.

मामा मुद्रितशोधक असल्याचा फायदा आणखी एके ठिकाणी झाला. एपीटी जास्तीची पॅकेजे आणणार असेल तर थांबून विचारते, पुढे जाऊ का, आणि कंसात ‘वाय’ आणि ‘एन’ अशी दोन अक्षरे दाखवते. मी वीस वर्षे तिथे न बघता एंटर मारत आलो. मामांनी पहिल्याच दिवशी विचारले, “यातला वाय मोठा आणि एन बारीक कसा? जुळणीची चूक आहे का?” चूक नाही; जे अक्षर मोठे ते उत्तर तुम्ही काही न लिहिता एंटर दाबल्यावर गृहीत धरले जाते. तेव्हापासून ते प्रत्येक यादी चष्मा पुसून वाचतात आणि मगच एंटर दाबतात. त्यामुळे फोन लांबतो.

खरी गंमत फ्लॅटपॅक या प्रोग्रॅम आणण्याच्या दुसऱ्या साधनापासून सुरू झाली. डेबियनची स्थिर आवृत्ती एकदा बाहेर पडली की तिच्यातल्या प्रोग्रॅमांच्या आवृत्त्या सहसा बदलत नाहीत, सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात. २०२५च्या मार्चमध्ये गिम्प या चित्रे सुधारण्याच्या प्रोग्रॅमची तिसरी आवृत्ती आली, आणि डेबियन १२मध्ये अर्थातच जुनीच होती. मामांना नवी हवी होती, कारण कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी ती पाहिली होती. मग फ्लॅटपॅक घातले. अलेक्झांडर लार्सन यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाचे नाव आधी ‘एक्सडीजी-अॅप’ असे होते. २०१६ साली त्याचे फ्लॅटपॅक झाले. याची रीत निराळी. प्रोग्रॅमला लागणाऱ्या पायाभूत गोष्टींचा गठ्ठा, ज्याला रनटाइम म्हणतात, तो यंत्रातल्या इतर सामानात न मिसळता वेगळा ठेवला जातो आणि एकच रनटाइम अनेक प्रोग्रॅम वाटून घेतात. मामांना मी म्हटले, तुमच्या छापखान्यात सगळी कामे त्याच केसमधल्या खिळ्यांनी व्हायची, ती एपीटीची रीत. ते लगेच म्हणाले, “आणि इथे गिऱ्हाईकच आपले खिळे घेऊन आले!” मग थोडे थांबून, “जागा लागत असेल.” लागते. पहिला प्रोग्रॅम घेताना रनटाइमसह काही शे एमबी उतरतात, आणि मिरजेत त्या दिवशी ते काम दुपारच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत चालले.

इथे घरातले नाव उरत नाही. ‘फ्लॅटपॅक रन’ म्हणायचे आणि मग पूर्ण नाव : ‘ऑर्ग डॉट गिम्प डॉट गिम्प’, ज्यातला शेवटचा गिम्प सगळा मोठ्या लिपीत, कारण छोटे-मोठे अक्षर चुकले की तो सापडत नाही. नावाची रचना संकेतस्थळाचा पत्ता उलटा वाचल्यासारखी आहे, म्हणजे आधी घराणे, मग घर, मग माणूस. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी नसल्यामुळे मामांनी मोठ्या अक्षरांखाली दोन रेघा ओढल्या. नाव बोजड आहे खरे, पण नोड आणि नोड यांचे भांडण या पद्धतीत संभवत नाही. आणखी एक गोष्ट बदलली, ती मोठी आहे. सामान आणणारा आता बाजूला होत नाही. प्रोग्रॅम चालतो तेव्हाही फ्लॅटपॅकच त्याला एका कोंडलेल्या खोलीत बसवते, त्या खोलीला कुठल्या खिडक्या असाव्यात ते ठरवते, आणि प्रत्येक वेळी ‘रन’ म्हटल्यावर ती खोली नव्याने उभी करते.

याचा प्रत्यय एप्रिलमधल्या एका दुपारी आला. पाने स्कॅन करून मामा ती ‘टेम्प’ या फोल्डरात ठेवत, कारण यंत्र नव्याने सुरू केले की ते रिकामे होते हे मीच त्यांना सांगितले होते आणि दिवसाचा केर आपोआप झाडला जातो ही कल्पना त्यांना फार आवडली होती. तिरकी पाने सरळ करायला, कडेची काळी पट्टी छाटायला एक छोटा प्रोग्रॅम आम्ही फ्लॅटपॅकने आणला होता. मामांनी आज्ञा लिहिली, शेवटी पानाचा पत्ता दिला, आणि प्रोग्रॅम म्हणाला, अशी फाइल नाही. त्यांनी यादी मागवली, फाइल होती. पुन्हा चालवला, नाही. फोनवर त्यांचा आवाज चढला. “मला समोर दिसते आहे आणि हा तोंडावर नाही म्हणतो!” मी स्पेलिंग तपासायला लावले, मग परवानग्या, मग यंत्र बंद करून सुरू करायला लावले, आणि त्याबरोबर टेम्पमधली सकाळपासूनची एकोणीस पाने झाडली गेली. त्या फोनचा शेवट गोड झाला नाही.

संध्याकाळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रोग्रॅम खोटे बोलत नव्हता. त्याच्या खोलीला स्वतःचे टेम्प होते, कोरे आणि खाजगी. बाहेरचे टेम्प त्याला दिसतच नव्हते. घरच्या फोल्डराची खिडकी उघडी असली तरी टेम्पची वेगळी सांगून उघडावी लागते. दुसऱ्या दिवशी मी आज्ञा सांगितली : ‘फ्लॅटपॅक रन’, मग ‘डॅश डॅश फाइलसिस्टिम बरोबर स्लॅश टेम्प’, मग प्रोग्रॅमचे नाव, मग पानाचा पत्ता. मामांनी लिहून घेतले, पण टाइप करताना त्यांना तो लांब तुकडा ओळीच्या शेवटी टाकणे सोयीचे वाटले. फाइल पुन्हा सापडली नाही, आणि वर त्या छोट्या प्रोग्रॅमने ‘हा कसला पर्याय, मी ओळखत नाही’ अशी तक्रार केली.

त्या तक्रारीत मला या सगळ्या प्रकाराचे व्याकरण सापडले. ‘फ्लॅटपॅक रन’च्या वाक्यात प्रोग्रॅमच्या नावाआधी जे बोलाल ते फ्लॅटपॅक ऐकते, नावानंतर जे बोलाल ते न उघडता प्रोग्रॅमच्या हाती दिले जाते. नावाआधी सांगायचे ते खोलीविषयी : ही खिडकी उघड, इंटरनेट तोड, घरचे फोल्डर फक्त वाचू दे. नावानंतर सांगायचे ते कामाविषयी : हे पान घे, इतक्या अंशांत फिरव. एकच शब्द नावाच्या या बाजूला हुकूम असतो आणि त्या बाजूला निरर्थक बडबड. एपीटीने आणलेल्या प्रोग्रॅमच्या ओळीत ही पहिली बाजू नसते, तिथे पहिला शब्दच प्रोग्रॅमचे नाव. मामांना हे समजावताना मी म्हटले, वाड्यात कुणाला भेटायला जाता तेव्हा निरोप दारवानाला वेगळा असतो आणि मालकाला वेगळा. त्यांनी उपमा बाजूला सारली आणि वहीतल्या त्या ओळीत प्रोग्रॅमच्या नावाभोवती चौकट केली. चौकटीच्या डावीकडे लिहिले ‘त्याला’, उजवीकडे ‘ह्याला’. माझ्या वाड्यापेक्षा ते कितीतरी नेमके होते.

मग त्यांनी साहजिकच विचारले, की चित्रावर टिचकी मारून उघडले तेव्हा हे सगळे कोण म्हणते? आम्ही शोधले. मेनूतले प्रत्येक चित्र ही साध्या मजकुराची एक फाइल असते आणि तिच्यात ‘एक्झेक’ शब्दाने सुरू होणारी ओळ असते. एपीटीच्या प्रोग्रॅमची ओळ अगदी आखूड निघाली : त्याचे नाव आणि पुढे येणाऱ्या फाइलसाठी सोडलेली एक जागा. फ्लॅटपॅकने आणलेल्याची ओळ पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरली होती. तिच्यात ‘फ्लॅटपॅक रन’ होते, शाखेचे नाव होते, प्रोसेसरची जात होती, आणि फाइलच्या जागेच्या दोन्ही बाजूंना ‘अॅट’ची जोडचिन्हे होती, ज्यांचा अर्थ असा की यांच्यामध्ये जो पत्ता येईल ती एकच फाइल खोलीत सरकवून दे. म्हणजे टिचकीलाही आज्ञाच द्यावी लागते, आणि ती आपल्या नावाने दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेली असते. मामांनी ती ओळ पूर्ण उतरवून घेतली. दीड पान लागले.

प्रोग्रॅम आणणाऱ्या बाकीच्या मंडळींशी मामांचा संबंध आला नाही, माझा रोज येतो, म्हणून थोडे सांगतो. स्नॅपची युक्ती मला बहुरूप्यासारखी वाटते. त्याने आणलेल्या प्रोग्रॅमांच्या नावांचा एक फोल्डर असतो, पण आत डोकावले तर ती सगळी नावे एकाच फाइलकडे बोट दाखवतात, ती म्हणजे खुद्द स्नॅप. तो आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली ते बघतो आणि त्या सोंगाला उभे करतो. डेबियनवर बेतलेल्या उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीपासून तिथे एपीटीकडे फायरफॉक्स मागितला तरी मिळतो तो स्नॅपचाच, आणि हे मला पटत नाही. एका दुकानात मागितलेली वस्तू मागच्या दाराने दुसऱ्या दुकानातून आणून देताना गिऱ्हाइकाला तसे तोंडाने सांगावे. निक्सचे निराळे. एल्को डोल्स्ट्रा यांच्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या २००६च्या प्रबंधात मांडलेली ती पद्धत प्रत्येक पॅकेजच्या फोल्डराला नावाआधी बत्तीस अक्षरांची एक खूणगाठ लावते, त्यामुळे एकाच प्रोग्रॅमच्या चार आवृत्त्या शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात, आणि ‘निक्स रन’ म्हटले की प्रोग्रॅम आणून, चालवून, मेनूत कसलाही मागमूस न ठेवता मोकळे होता येते.

एनपीएक्स मात्र मी मामांच्या वहीत जाऊ दिले नाही. एनपीएम या जावास्क्रिप्टची पॅकेजे आणणाऱ्या साधनाबरोबर २०१७पासून येणारी ही आज्ञा नाव ऐकताच ते पॅकेज इंटरनेटवरून आणून तिथल्या तिथे चालवते. सोय अशी की व्यसन लागावे. पण या दुकानात कुणीही फळीवर माल मांडू शकतो, आणि प्रसिद्ध नावातले एखादे अक्षर फिरवून खोटा माल मांडणाऱ्यांचा अनुभव या क्षेत्राला पुष्कळ आहे. शिवाय तिथे खोली नाही, खिडक्या नाहीत, आणलेला प्रोग्रॅम थेट आपल्या घरात, आपल्या अधिकाराने वावरतो. पूर्वी ते विचारतही नसे. एनपीएमच्या सातव्या आवृत्तीपासून थांबून विचारते, हे पॅकेज आणावे लागेल, पुढे जाऊ का? कंसात एकच वाय असतो, आणि तोही बारीक. मामांनी तो पाहिला असता तर त्यावर नक्की बोलले असते.

गेल्या महिन्यात मिरजेला गेलो तेव्हा त्यांच्या यंत्रावर डेबियन १३ चढवले. ते ऑगस्ट २०२५मध्ये आले. त्यात गिम्पची तिसरी आवृत्ती एपीटीकडेच आहे, त्यामुळे वहीतली दोन रेघांची ती ओळ निकालात निघाली. त्याहून महत्त्वाचा बदल टेम्पचा. या आवृत्तीपासून टेम्प चकतीवर न राहता स्मृतीत राहते, स्मृतीच्या निम्म्यापर्यंत जागा घेत. मामा पाने ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके), न आवळता, कच्च्या रूपात साठवतात. ए-फोर आकाराचे करड्या रंगातले एक पान सुमारे ३५ एमबी होते. चार जीबीच्या यंत्रात टेम्पला मिळणार दोन, म्हणजे पन्नास-साठ पानांत ते तुडुंब, आणि तोवर बाकीच्या प्रोग्रॅमांचा श्वास कोंडलेला. मी हिशेब मांडून दाखवला. मामांनी तो स्वतः पुन्हा करून पाहिला आणि मग पाने घरच्या फोल्डरात ‘आजची’ नावाच्या जागेत ठेवायचे ठरवले. झाडझूड ते रात्री हाताने करणार.

घरचे फोल्डर त्या छोट्या प्रोग्रॅमच्या खोलीतून दिसतेच. त्यामुळे चौकटीच्या डावीकडची ती लांब खिडकी उघडण्याची आता गरज उरली नाही. मामांनी वही उघडली, ‘डॅश डॅश फाइलसिस्टिम’पासून ‘टेम्प’पर्यंत एक सरळ आडवी रेघ मारली, खालचे अक्षर वाचता येईल इतकी हलकी, आणि समासात वगळण्याची खूण केली. मग पेनाचे टोपण लावून म्हणाले, “वाच बघू आता उरलेली ओळ.” मी वाचली. त्यांनी टाइप केली, पान क्रमांक दोनशे सात उघडले, आणि ते थोडे डावीकडे कललेले होते.